तळघरातला पूर्वरंग

दुःखाची इतकी टापटीप ठेवणारा माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज सबंध चेन्नईत दुसरा नसेल. तुम्हीआम्ही दुःखी होतो ते कसेही आणि कुठेही. बसस्टॉपवर, अर्धं ताट टाकून, कधी अंगाला साबण लावलेला असताना. मामांना हा गबाळेपणा खपत नाही. दुःखाला त्यांच्या मते जागा ठरलेली हवी, वेळ ठरलेली हवी, आणि क्रम तर हवाच हवा. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेला हा गृहस्थ काळी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, नेसतो, काळा सदरा चढवतो, डोळ्यांत काजळ घालतो आणि एग्मोरमधल्या एका जुन्या हॉटेलच्या तळघरात कानाला हेडफोन लावून तरुण पोरापोरींना शिस्तीत दुःखी करतो. थोडक्यात, आमचे मामेसासरे डीजे आहेत. हे मी सोलापूरला थोरल्या भावाला फोनवर सांगितलं तेव्हा त्याने, "गणपतीपुढे वाजवतात होय?" असं विचारलं. मी हो म्हणून टाकलं. समजावत कोण बसणार!

बरं, डीजे तरी साधासुधा असावा, तर तेही नाही. गॉथ! गॉथ म्हणजे काय ते मला अजून धड कळलेलं नाही, पण बाहेरून दिसतं तेवढं सांगतो. ही मंडळी नखशिखांत काळं घालतात, तोंडाला पांढरी पावडर फासतात, गळ्यात चांदीच्या कवट्या लटकवतात आणि थडग्यातून आल्यासारख्या आवाजातली लांबलचक विलायती गाणी ऐकत डोळे मिटून डुलतात. अंधार त्यांना सुंदर वाटतो. वाटो बापडा. पण चेन्नईच्या उकाड्यात मखमली अंगरखा आणि गुडघ्यापर्यंत बूट घालून डुलायचं म्हणजे छातीच हवी. ह्या प्रकाराला सगळे 'नाइट' म्हणतात, पण रात्री त्या तळघरात हॉटेलचा बार चालतो, त्यामुळे आमची नाइट टळटळीत दुपारी सुरू होते आणि दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात आटपते. झरोक्यांना काळी कापडं ठोकली की झाली रात्र. वर फुटपाथवर बाई गजरे विकत बसलेली असते, घामाने निथळणारे लोक उसाचा रस पीत असतात, आणि खाली आमची मध्यरात्र.

मी सोलापूरचा. केंद्र सरकारच्या नोकरीपायी इकडे आलो आणि इथल्याच तंजावरी मराठी घरात लग्न करून बसलो. मामा हे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मला ते 'माप्ळे' म्हणतात. तमिळमध्ये जावयाला जे म्हणतात त्याचंच हे घरगुती रूप. त्यांची मराठी ऐकताना कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचून दाखवतंय असं वाटतं. वडील तंजावरकडचे कीर्तनकार. मामांनी मात्र सारा जन्म रेल्वेच्या कचेरीत आकडे जुळवले आणि जुळवता जुळवता बोलत राहिले. अहो, काय बोलायचे! वांगी आणायला गेले तर वांग्यांवर, वांगी विकणारीवर, तिच्या गावच्या देवळावर आणि त्या देवळाच्या हत्तीवर बोलून यायचे, आणि वांगी तिथेच राहायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी त्यांच्या भीतीने गच्चीवर लपून बसलोय.

आणि हा माणूस निवृत्त झाला त्या संध्याकाळी घरी आला, खुर्चीत बसला आणि बंद पडला. भांडण नाही, आजार नाही. डॉक्टर झाले, कानाचे झाले, घशाचे झाले, सगळं ठणठणीत. मामी विचारायच्या, "आज सार करूं की आंबटी?" मामा भिंतीकडे पाहायचे. पाहुणे यायचे, मामा भिंतीकडे पाहायचे. महिने गेले. मामी मला म्हणाल्या, "मुका नवरा बरा म्हणतात, माप्ळे. म्हणणाऱ्यांनी एक महिना घेऊन जावें म्हणावें." हसत म्हणाल्या, पण लगेच पाठ फिरवून आत गेल्या. मी ज्यांच्या बडबडीला कंटाळून गच्ची गाठायचो त्यांनी एकदा तरी हाक मारावी म्हणून त्यांच्यासमोर तासन्‌तास पेपर वाचत बसलो. काही उपयोग झाला नाही.

तो आवाज परत आणला वरच्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीने. ती इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासते आणि आठवडाभर कंपनीच्या निळ्या शर्टात वावरते. एका रविवारी तिच्या खोलीतून ती थडग्यातली गाणी जोरात चालली होती. मामा खुर्चीतून उठले, जिना चढले आणि तिचं दार ठोठावलं. आता हे भांडतायत म्हणून मामी मागोमाग धावल्या. दार उघडलं, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मामांनी तोंड उघडलं. ते तमिळमध्ये म्हणाले, "पोरी, रडणं चांगलं आहे. पण इतकी घाई कशाला? पहिल्याच गाण्यात सगळं रडून झालं, आता पुढे काय करणार?" मुलगी गोंधळली. मग वाद घालायला लागली. एग्मोरला दर महिन्याला ही नाइट ती भरवायची, आणि तिचा डीजे नुकताच बंगळूरला निघून गेला होता. मामा फरशीवर बैठक मारून बसले आणि तिची गाणी पुढची मागे, मागची पुढे करत दुपार होईपर्यंत हुज्जत घालत राहिले. खाली भात निवून गेला. मामी जिन्यात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. त्या दिवसापासून त्या मुलीला आमच्या घरचं कुठलंही लोणचं मागायचा हक्क आहे.

तर असे मामा डीजे झाले. आता कीर्तनकाराचा मुलगा डीजे झाला की काय होतं ते ऐका. मामांच्या नाइटला पूर्वरंग असतो आणि उत्तररंग असतो. पूर्वरंगात गाणी जरा कोरडी, विचार करायला लावणारी, कुणाला लगेच हुंदका येऊ नये अशी. मग मध्यंतरात मामींनी पाठवलेला दहीभात. कवट्या लटकवलेली पोरं द्रोण हातात धरून भिंतीशी रांगेत उभी असतात आणि "अंकल, आज मिरची तळलेली नाही?" असं विचारतात. मग उत्तररंग. तिथे मामा खरे रंगात येतात. एक गाणं दुसऱ्यात असं मिसळतात की कुठे संपलं नि कुठे लागलं ते कळत नाही. कुणी पुढे येऊन फर्माईश केली तर म्हणतात, "थांब, तुझें दुःख अजून पिकलें नाही." त्या पोराला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी ते मान डोलावून परत जातं. आणि शेवटी मंगळ. मंगळ झाल्याशिवाय कुणी दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, घरी अमंगळ घेऊन जायचं नाही, असा दंडक. मामा स्वतः झांजा घेऊन मंगळाचं पद म्हणतात आणि सगळे गॉथ हात जोडून उभे राहतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला होता. आता मीही उभा राहतो.

राहुकाळाचंही तसंच. रविवारी राहुकाळ नेमका संध्याकाळी येतो. पोरांचं म्हणणं, गॉथ नाइट राहुकाळात सुरू करण्यासारखी दुसरी मजा नाही. मामांचं म्हणणं, दुःख झालं तरी शुभ वेळेवर सुरू करावं, म्हणजे नीट पार पडतं. त्यामुळे राहुकाळ लागायच्या आत पहिलं गाणं लागलंच पाहिजे, मग तळघरात ऐकायला मी एकटा असलो तरी बेहत्तर. काजळाचं खातं मामींकडे. विलायती काजळ इथल्या घामाने गालावर उतरतं म्हटल्यावर त्यांनी एरंडेलाच्या दिव्यावर ताट पालथं घालून घरचं काजळ पाडायला घेतलं, आणि आता सबंध मंडळाच्या डोळ्यांत मामींचं काजळ असतं. काळ्या वेष्ट्या मामा जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारातून आणतात. कार्तिकात अय्यप्पाची माळ घालून, वस्तरा आणि कांदा वर्ज्य करून डोंगरावर जाणाऱ्या भक्तांसाठी तिथे काळ्या कापडाचे डोंगर लागतात. ह्या भक्तांना 'सामी' म्हणतात, म्हणून दुकानदार मामांनाही 'सामी' म्हणतो. मामा दर वर्षी सांगतात, बाबा, मी सामी नाही. दुकानदार म्हणतो, सामींचा नम्रपणा असाच असतो.

माझं काम हमालाचं. डबे, वायरी, झांजांची पिशवी उचलायची. रंगीत कपड्यात खाली उतरलात तर रसभंग होतो, असं मामा म्हणतात, म्हणून मी संक्रांतीचा काळा झब्बा घालून जातो. माझ्याकडे काळं म्हणून तेवढंच आहे, आणि त्यावर तिळगुळाचा एक जुना डाग आहे. तो रक्ताचा आहे अशी तिथल्या दोनतीन पोरींची समजूत आहे. त्यामुळे मला थोडा मान आहे.

हे सगळं सुखाने चाललं असताना हॉटेलला नवा मॅनेजर आला आणि माशी शिंकली. त्या हॉटेलच्या पहिल्या मजल्यावर लग्नाचं कार्यालय आहे. एका लग्नातल्या कुणा आत्याबाईंनी जिन्यात आमची काळी पलटण पाहिली आणि शुभकार्यात अपशकुन झाला म्हणून आकाशपाताळ एक केलं. मॅनेजरने सरळ सांगितलं, मागच्या जिन्याने या, मागच्या जिन्याने जा. लग्नघरातून आणखी एक तक्रार आली की तळघर बंद. चेन्नईत दुसरी जागा शोधायची मुलीने पुष्कळ खटपट केली, पण काळे कपडे म्हटले की जो तो हात झटकायचा. पुढच्या नाइटच्या रविवारी निघताना मामींनी मला दारात थांबवलं. म्हणाल्या, "हें बंद पडलें तर हे परत भिंतीकडे तोंड करून बसतील, माप्ळे. मज सोसायचें नाही. सांभाळून न्या." मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "मामी, मी आहे ना!"

मी होतो, पण मागचा जिना नव्हता. म्हणजे होता, पण त्याच्या तोंडाशी लग्नाच्या आचाऱ्यांनी हंडे, काहिली आणि भाज्यांची पोती रचली होती. मांजरसुद्धा पलीकडे गेलं नसतं. कार्तिक महिना, वर कुणाचं तरी लग्न लागून पंगती चालू होत्या. राहुकाळाच्या आत सुरू करायचं तर थांबायची सोय नाही. मुलगी म्हणाली, "अंकल, पुढून जाऊ. पटकन. कुणाकडे बघायचं नाही." तशी आमची वरात निघाली: पुढे मामा, मागे पावडर फासलेली पाचसहा पोरं, मग स्पीकर उचललेला मी आणि माझ्याआड लपलेली ती. पुढच्या दारात पोचतो न पोचतो तोच पांढरी रेशमी वेष्टी नेसलेले एक म्हातारे गृहस्थ समोर उभे. नवरीचे आजोबा. त्यांच्यामागे मॅनेजर. संपलं, मी मनात म्हटलं. आता मामींना काय तोंड दाखवू?

आजोबांनी आमच्याकडे पाहिलं. काळी वस्त्रं पाहिली, गळ्यातल्या माळा पाहिल्या, कपाळापासून हनुवटीपर्यंतची पांढरी पावडर पाहिली, आणि दोन्ही हात जोडून ते सद्गदित आवाजात म्हणाले, "वांग सामी, वांग!" या सामी, या! कार्तिकात अय्यप्पाचे भक्त आपण होऊन लग्नघरी आले, ह्याहून मोठा शकुन तो कोणता? आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनी आम्हाला वर नेलं, चालू पंगतीत खास जागा केली आणि केळीची पानं मांडायला लावली. चमत्कारच म्हणायचा. मॅनेजर आ वासून बघत होता. मुलगी माझ्या कानात म्हणाली, "देव आहे, अंकल!" मी म्हटलं, आहेच, फक्त मामांना बोलू देऊ नको. पानावर मीठ आलं, पायसम आलं, भात आला. चार घास खाऊन गुपचूप खाली सटकायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात ते आजोबा मामांच्या समोर आले आणि त्यांच्या पायांशी वाकायला लागले. मामा ताडकन उठले. मी त्यांची वेष्टी खाली खेचली, मुलीने डोळे वटारले, पण छे! मामांनी आजोबांचे दोन्ही हात धरले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, "ऐया, मी सामी नाही. मी माळ घातलेली नाही. कालच दाढी केली, सकाळी कांद्याचं सांबार खाल्लं. आम्ही खाली तळघरात दुःखाची गाणी वाजवतो, आणि हे त्याचे कपडे आहेत. तुम्ही वयाने मोठे. मला पाप लावू नका." वाढपी भाताचं भांडं घेऊन जागच्या जागी थांबला. मॅनेजरच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला तो इसम कायमचा नावडता झाला. झालं, मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण! ज्या तोंडाने परत बोलावं म्हणून आम्ही नवस केले त्याच तोंडाने आज घात केला.

आजोबांनी वाकलेली पाठ सरळ केली. मग म्हणाले, "दुःखाची? मुद्दाम?"

"मुद्दाम."

"ऐकणारे रडतात?"

"ज्याला येतं तो रडतो," मामा म्हणाले. "कुणी कुणाला विचारत नाही."

आजोबांनी मान हलवली. "बसा," ते म्हणाले. "पान वाढलंय. वाढल्या पानावरून कुणाला उठवायची आमच्या घरी पद्धत नाही." आणि पुढच्या पंगतीकडे निघून गेले. जेवण उत्तम होतं म्हणतात. माझ्या घशाखाली वरणभातही उतरला नाही, कारण मॅनेजर दारात उभा राहून आमची वाट बघत होता. आम्ही उतरताना त्याने ऐकवलंच: "आज शेवटचं. उद्या लग्नवाल्यांशी बोलून घेतो."

तळघरात त्या दिवशी पूर्वरंग कसाबसा पार पडला. दहीभाताला कुणी हात लावला नाही. मुलगी वायरींच्या ढिगावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मामा एक अक्षर बोलत नव्हते, आणि त्यांची ती गप्प पाठ पाहून मला मामींना दिलेला शब्द आठवत होता. उत्तररंग लागला आणि थोड्या वेळाने दार उघडलं. काठी टेकत ते आजोबा एकटेच खाली आले. अंधारात चाचपडत भिंतीशी एक खुर्ची मिळाली तिच्यावर बसले. मामांनी पाहिलं. चालू गाणं त्यांनी अलगद उतरवलं आणि एक संथ, नुसत्या ऑर्गनचं, शब्द नसलेलं काहीतरी लावलं. पोरं डुलत होती तशीच डुलत राहिली. आजोबा आधी ताठ बसले होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग तो म्हातारा माणूस उपरण्यात तोंड खुपसून लहान पोरासारखा रडला. कुणी वळून पाहिलं नाही. त्यांच्या शेजारच्या कवटीवाल्या पोराने फक्त आपली पाण्याची बाटली त्यांच्या खुर्चीच्या पायाशी ठेवली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.

नंतर त्यांनीच मामांना सांगितलं. बायको आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, गेली होती. घरात मृत्यू झाला की लग्न वर्षाच्या आत उरकावं लागतं, म्हणून नातीचं लगोलग उरकलं. तेव्हापासून घरात रोज काहीतरी शुभ चाललेलं, आणि शुभकार्यात डोळ्यांत पाणी आणायचं नाही म्हणून जो तो त्यांना सांगतोय. "सकाळपासून हसतोय, सामी," ते म्हणाले. "गाल दुखायला लागले." सामी नसल्याचं माहीत असूनही ते सामीच म्हणत होते, आणि ह्या खेपेला मामांनी हरकत घेतली नाही.

तोवर वर आजोबा दिसेनात म्हणून शोधाशोध सुरू झाली होती. दोन मुलगे, एक जावई आणि मॅनेजर धाडधाड खाली आले. मॅनेजरला वाटलं, आयतीच तक्रार मिळाली. आजोबांनी उपरण्याने तोंड पुसलं, काठी सावरली आणि दरडावल्या आवाजात त्यालाच विचारलं, "हे पुढच्या महिन्यात कधी आहे?" मॅनेजर म्हणाला, "कोण जाणे, बहुतेक..." आजोबा म्हणाले, "बहुतेक नको. माझ्या तीन नाती लग्नाच्या राहिल्यात, आणि मला हीच जागा बरी वाटते." आता सांगा, तीन लग्नांपुढे कुठला मॅनेजर तोंड उघडणार? त्याने तिथल्या तिथे मान तुकवली आणि मामांना, "सर, एखादा पंखा वाढवून देऊ का?" असं विचारलं. माझा जीव भांड्यात पडला. मुलीने तर मला मिठीच मारली, आणि तिचं काजळ माझ्या झब्ब्याला लागलं. आता माझा मान आणखी वाढणार.

परतताना रिक्षात मामा बोलायला लागले. ते पायसमवर बोलले, रिक्षावाल्याच्या मेव्हण्यावर बोलले, ऑर्गनला भाता असतो की नसतो त्यावर बोलले. मी हूं हूं करत होतो. इतकी गोड कटकट मी जन्मात ऐकली नव्हती. मग सिग्नलला रिक्षा थांबली तसे ते थांबले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "माप्ळे, मी निवृत्त जाहलों त्या दिवशी कचेरींत मज फार रडूं आलें होतें."

"मग रडायचं होतं मामा," मी म्हटलं.

"कैसें रडावें? गळ्यांत हार होता. सगळे हांसत होते, फोटो काढत होते. हार घातलेला मनुष्य रडतो की?" ते बाहेर बघत राहिले. "तें घशांतच राहिलें. त्यावरून दुसरा शब्दच येईना."

मी नुसता त्यांचा हात धरला. सिग्नल सुटला, आणि मामा पुन्हा रिक्षावाल्याच्या मेव्हण्याकडे वळले. तेवढ्यात माझा फोन वाजला. मामी. नाइटचं काय झालं, मॅनेजर काय म्हणाला, काही न विचारता त्यांनी एवढंच विचारलं, "हे बोलतात की?"

"थांबत नाहीत, मामी."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बरें," त्या म्हणाल्या. "मग हळूच या. रिक्षावाल्यास म्हणावें, घाई नाही."